जुन्या लिफ्टचा सेफ्टी ब्रेक बदलून घेतला, काम कसं झालं ते सगळं सांगते (कोथरूड, पुणे)

आमच्या सोसायटीच्या लिफ्टला नवीन सेफ्टी गिअर (लिफ्ट अनावर झाली तर केबिनला धरणारा ब्रेक) आणि नवीन गव्हर्नर (स्पीड वाढला की तो ब्रेक लावणारी पुली) बसवून घेतलाय, भोसरीच्या एका छोट्या फर्मने काम केलंय आणि काम चांगलं झालंय हे आधीच सांगून टाकते. पार्ट चांगला आहेच, पण मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की बसवून झाल्यावर त्यांनी कमिटीला बोलावलं आणि ब्रेक खरंच लागतो का ते आमच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं. तुम्ही कुठल्याही कंपनीकडून करून घ्या, पण समोर टेस्ट केल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका, एवढ्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलेय. फर्मचं आणि ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण आमच्या लिफ्टला जो पार्ट बसला तो तुमच्या लिफ्टला बसेलच असं नाही, ते का ते पुढे येईलच.

आमची बिल्डिंग नव्वदच्या दशकातली, सात मजली. लिफ्ट आठ माणसांची म्हणजे ५४४ किलोची (आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात), स्पीड सेकंदाला १ मीटर. कंट्रोल पॅनल मध्यंतरी नवीन टाकलं, केबिन आतून नवीन केली, स्टीलचे पॅनल, आरसा, खाली ग्रॅनाइट, सगळं झकास. पण केबिनच्या खाली जो सेफ्टी गिअर असतो तो मूळचाच, त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं कारण तो कुणाला दिसतच नाही. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेला) दर महिन्याला येऊन कार्डावर सेफ्टी ओके असं लिहून जायचा. त्याला विचारलं की हा ब्रेक शेवटचा लावून कधी बघितला होता, तर उत्तर नाही. मग आम्ही दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतलं तेव्हा कळलं की गव्हर्नरच्या आत ग्रीस आणि धूळ बसून घट्ट खपली झालीय, आणि खाली पिटमध्ये (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) गव्हर्नरच्या रोपला ताण देणारं जे वजन असतं ते रोप लांबल्यामुळे सरळ गाळात टेकलेलं, म्हणजे रोपला ताण शून्य. अशा वेळी लिफ्ट बंद पडावी म्हणून तिथे एक स्विच असतो, तो कुणीतरी वायर जोडून बायपास करून ठेवला होता. आणि लिफ्ट रोज मस्त चालत होती! शाळेची मुलं, डायलिसिसला जाणारे काका, दूधवाला, सगळे त्याच लिफ्टने.

हे जनरल बॉडीत मांडलं तर पहिलाच प्रश्न आला की आपल्याकडे एआरडी आहे ना, मग हे परत कशाला. हा गोंधळ फार जणांचा होतो. एआरडी म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं यंत्र, महावितरणची लाइट गेली की उपयोगी, सोय म्हणून उत्तम, पण लिफ्ट अनावर झाली तर त्याचा काही संबंध नाही. दुसरा ब्रेक म्हणजे मशीन रूममध्ये मोटरवर असतो तो, रोज प्रत्येक मजल्यावर लिफ्ट धरून ठेवतो तोच. तो स्प्रिंगने लागलेला असतो आणि करंट आला की सुटतो, म्हणजे लाइट गेली तर आपोआप लागणार, ही रचना चांगलीच आहे, पण लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) झिजले किंवा गिअरबॉक्सचं तेल गळून ड्रमवर गेलं तर तोही घसरतो. आणि तिसरा म्हणजे हा सेफ्टी गिअर, जो केबिनच्याच अंगावर असतो, मोटर आणि मेन रोप यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही, तो थेट गाईड रेलला, म्हणजे केबिन ज्या उभ्या रुळांच्या आधाराने वर-खाली सरकते त्यांना, पकडतो. वरचं सगळं गेलं तरी हा उरला पाहिजे, याचसाठी तो आहे.

काम कसं करतो ते मला टेक्निशियन दादांनी मशीन रूममध्ये उभं राहून समजावलं. वर गव्हर्नर नावाची एक पुली, तिच्यावरून एक बारीक वेगळा रोप फिरतो, साधारण ६ मिमीचा, जो केबिनच्या एका लिव्हरला बांधलेला असतो आणि खाली पिटमध्ये वजनाने ताणलेला असतो. केबिन पळेल तशी पुली फिरते. स्पीड मर्यादेबाहेर गेला की पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, एक स्विच पडून मोटरचा करंट जातो, आणि तरीही केबिन थांबली नाही तर पुली तो रोप गच्च पकडते. रोप थांबला पण केबिन खाली चाललीय, त्यामुळे लिव्हर वर ओढला जातो आणि दोन्ही बाजूंच्या पाचरी रेलमध्ये घुसतात. केबिनचं स्वतःचं वजनच त्यांना अजून घट्ट करतं. यात कुठे बॅटरी नाही, सेन्सर नाही, लाइट लागत नाही. मला हे फार भारी वाटलं.

युरोपियन स्टँडर्डप्रमाणे गव्हर्नर ठरलेल्या स्पीडच्या किमान ११५ टक्क्यांवर सुटायला (म्हणजे रोप पकडायला) हवा, म्हणजे आमच्या लिफ्टला सेकंदाला १.१५ मीटरच्या पुढे, आणि आम्ही घेतला तशा हळूहळू थांबवणाऱ्या सेफ्टी गिअरला (प्रकार पुढे सांगते) वरची हद्द १.५ मीटर. घरी गणित करून बघितलं, सगळे रोप एकदम तुटून केबिन मोकळी पडली तर १.१५ चा स्पीड यायला जेमतेम ७ सेंटीमीटर पडावं लागतं, आणि १.५ यायला साडेअकरा. म्हणजे सगळं ठीक असेल तर माणसाला नीट घाबरायलाही वेळ मिळत नाही इतक्यात पकड सुरू होते. आणि काहीच धरलं नाही, तर सात मजले म्हणजे साधारण २१ मीटर, खाली पोचताना ताशी ७० किलोमीटरच्या वर स्पीड असेल. पिटमधले धक्का झेलणारे बफर एवढ्यासाठी बनवलेलेच नसतात.

सेफ्टी गिअर दोन प्रकारचे मिळतात, तत्काळ पकडणारा आणि हळूहळू दाबत थांबवणारा, ज्याला सगळे प्रोग्रेसिव्ह म्हणतात. पहिला स्वस्त पडतो पण एकदम खाडकन थांबवतो, आत म्हातारं माणूस असेल तर गुडघे, कंबर सगळं हलणार. युरोपात साधा तत्काळवाला सेकंदाला ०.६३ मीटरपर्यंतच चालतो. प्रोग्रेसिव्हमध्ये थांबवण्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.२ पट ते १ पट यांच्यामध्ये हवा, म्हणजे १.५ च्या स्पीडला पकड सुरू झाली तर अंदाजे १२ ते ५७ सेंटीमीटरमध्ये केबिन उभी. आम्ही प्रोग्रेसिव्हच घेतला, एका कोटेशनवाल्याने तत्काळवाला स्वस्तात देतो म्हणून बराच आग्रह धरला होता, नको म्हटलं.

मुळात ही कल्पना जुनी आहे. एलिशा ओटिस या अमेरिकन मेकॅनिकने १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः प्लॅटफॉर्मवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला आणि प्लॅटफॉर्म जागेवर अडकून राहिला, मग १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात माणसांसाठी पहिली लिफ्ट बसवली. पण त्याचा ब्रेक दोराचा ताण गेला की लागायचा. आणि खरी अडचण अशी की आजच्या लिफ्टमध्ये रोप तुटणं ही भीती फार मागे आहे, चार-पाच रोप असतात, आणि ते सगळे मिळून लागतात त्याच्या कितीतरी पट ताकदीचे घेतलेले असतात. रोप शाबूत असूनही मोटरचा ब्रेक घसरला, गिअर तुटला, तर ताण काही जात नाही, स्पीड मात्र वाढतो. म्हणूनच ताणाऐवजी स्पीडवर चालणारा गव्हर्नर आला.

आणि गव्हर्नरचा रोप म्हणजे काय चीज आहे ते कळायला १९४५ ची गोष्ट पुरेशी आहे. २८ जुलैला धुक्यात एक बॉम्बर विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगला धडकलं, त्यात एका लिफ्टचे मेन रोप तर तुटलेच पण गव्हर्नरचा रोपही तुटला, त्यामुळे सेफ्टीला ओढणारं कुणी उरलंच नाही आणि केबिन ७५ मजले खाली गेली. आतली ऑपरेटर बेटी लू ऑलिव्हर जबर जखमी झाली पण वाचली, खाली तुटलेल्या रोपांचा ढीग साचला होता त्याने धक्का कमी झाला असं सांगतात. केबिनखालचा ब्रेक कितीही मजबूत असला तरी तो बारीक रोप ढिला किंवा तुटका असेल तर ब्रेक नसल्यासारखाच, आणि आमच्याकडे नेमकं तेच झालेलं होतं. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगितली तेव्हा कुठे सिंकिंग फंडातून खर्चाला होकार आला.

आता फर्मबद्दल. तीन ठिकाणहून कोटेशन मागवली, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्यात जवळजवळ दुपटीचा फरक, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. दोघांनी लिफ्ट न बघता फोनवरच आकडा सांगितला. हे एकटेच आधी येऊन रेलची जाडी मापून गेले, हातात कॅलिपर घेऊन पिटमध्ये उतरले, केबिनचं वजन किती ते विचारलं आणि ग्रॅनाइट कधी टाकला तेही विचारलं. मला तेव्हा कळेना ग्रॅनाइटचा काय संबंध. तर प्रोग्रेसिव्ह सेफ्टी गिअरची एक ठरलेली वजनाची रेंज असते, केबिन अधिक माणसं मिळून इतके ते इतके किलो, त्याच्या प्लेटवर तसं लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जड झाली तर ब्रेक घसरत राहणार, फार हलकी असेल तर फार जोरात पकडणार. तसंच रेलची जाडी आणि रेल तेलाचे की कोरडे, यावरही पार्ट ठरतो. केबिन सजवताना आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं आणि सजवणाऱ्यानेही सांगितलं नाही. काउंटरवेटचं (रोपच्या दुसऱ्या टोकाला केबिनला तोलणारं वजन) गणितही बिघडतं, त्यांनी ते तपासून थोडं वजन वाढवून दिलं, त्याचे पैसे वेगळे घेतले पण आधी सांगून घेतले.

पार्ट आला तेव्हा खोका आमच्यासमोर उघडला. प्लेटवर नंबर, वजनाची रेंज, रेलची जाडी, सगळं कोटेशनशी जुळवून बघितलं. गव्हर्नरच्या सेटिंगवर कंपनीचं सील असतं, ते शाबूत हवं, कारण तुटलेलं असेल तर कुणीतरी स्पीड हलवलाय असं समजायचं. सोबत टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या, ओरिजिनल नंबरशी जुळणारं. झेरॉक्सवर कुठला तरी दुसराच नंबर असलेलं सर्टिफिकेट आम्हाला एका दुसऱ्या पार्टीने दाखवलं होतं.

कामाच्या वेळी लिफ्ट बंद राहिली, त्यात वयस्कर मंडळींचे हाल झाले, पाचव्या मजल्यावरच्या आजी लेकीकडे औंधला जाऊन राहिल्या. फर्मने आधी जितका वेळ सांगितला त्यापेक्षा जास्त लागला, कारण रेलवर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून जो थर बसला होता तो साफ करण्यातच वेळ गेला. ते आधी बघायला आले तेव्हाच हे दिसायला हवं होतं असं मला वाटतं. काम करणारी पोरं मात्र नीट होती, सेफ्टी बेल्ट लावूनच शाफ्टमध्ये उतरायची, प्रत्येक मजल्याच्या दाराला बोर्ड आणि आडवी पट्टी. पिटमधलं पाणी आणि गाळ काढून दिला आणि पावसाळ्यात पाणी कुठून येतं तेही दाखवलं, ते आमचं आम्हाला वॉटरप्रूफिंग करून घ्यावं लागलं.

आता टेस्टचं सांगते. आधी रिकामी केबिन सावकाश खाली सोडून गव्हर्नर हाताने सोडवला, पाचरी लागल्या, केबिन थांबली. मग केबिनमध्ये वजनं भरली, ५४४ च्या सव्वापट म्हणजे ६८० किलो, माणूस एकही आत नाही, सगळे मजले बंद, आणि वरच्या मजल्यावरून पूर्ण स्पीडने खाली सोडली. चालू लिफ्टमध्ये गव्हर्नर सोडवला. जो आवाज आला तो सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेला, खालचे वॉचमनकाका पळत आले. केबिन धरली गेली, मेन रोप पुलीवर घसरून गप्प झाले. मग दादांनी आम्हाला रेलवरच्या खुणा दाखवल्या, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या लांबीच्या चकचकीत घासल्याच्या पट्ट्या. एका बाजूला लांब आणि एका बाजूला आखूड असती तर दोन्ही पाचरी एकदम लागल्या नाहीत असा अर्थ. केबिनच्या फ्लोअरवर लेव्हल ठेवून बघितली, युरोपियन स्टँडर्डमध्ये ५ टक्क्यांपेक्षा जास्त कलायला नको, आमचा बुडबुडा जेमतेम हलला होता. ब्रेक सोडवायला केबिन वरच उचलावी लागते, खाली जोर देऊन सुटत नाही, आणि स्विचही माणसाने जाऊन हाताने रीसेट केल्याशिवाय लिफ्ट परत चालू होत नाही, हेही मुद्दाम करून दाखवलं. शेवटी रेलवर उठलेल्या कडा कानस मारून साफ केल्या.

मी दादांना विचारलं की दर महिन्याला असं करता येईल का, तर म्हणाले, "नाही ताई, भरलेल्या केबिनची टेस्ट सारखी केली तर पार्ट आणि रेल दोन्ही झिजतात. रिकामी केबिन, सावकाश स्पीड, ती वर्षातून एकदा मागा, आणि आम्ही नाही केली तर पैसे अडवा." मग एएमसीच्या करारात ते वाक्यच टाकून घेतलंय, टेस्टची तारीख आणि कमिटीतल्या एकाची सही. लिफ्ट इन्स्पेक्टरच्या ऑफिसला बदलाची लेखी माहिती दिली, तो कागद फर्मनेच तयार करून दिला. महाराष्ट्रात २०१७ चा लिफ्टचा वेगळा कायदा आहे, लायसन्स सोसायटीच्या नावावर असतं तेव्हा हे कागद आपल्याच फाइलला असलेले बरे.

एक त्रास झाला तो लिहिते. गव्हर्नरचा नवीन रोप सुरुवातीला लांबतो, आमचाही लांबला, खालचं वजन उतरलं आणि तो टेन्शनचा स्विच पडून लिफ्ट अधूनमधून बंद व्हायला लागली. लोक वैतागले, नवीन पार्टच खराब आहे म्हणायला लागले, एकाने तर स्विच काढून टाका असं सुचवलं! स्विच त्याचं काम बरोबर करत होता. फर्मला फोन केला, आले, रोप कापून आखूड केला, पैसे घेतले नाहीत, पण यायला दोन-तीनदा आठवण करावी लागली. त्यानंतर तक्रार नाही.

अजून एक, हे लक्षात ठेवा की हा सेफ्टी गिअर फक्त खाली जाताना पकडतो. काउंटरवेट केबिनपेक्षा जड असतं, केबिनचं वजन अधिक साधारण अर्ध्या माणसांचं, त्यामुळे आत एकटंदुकटं माणूस असताना मोटरचा ब्रेक घसरला तर लिफ्ट पडत नाही, वर पळते आणि छताकडे जाते. शिवाय दार उघडं असताना केबिन सरकली तर स्पीड कमी असतो, गव्हर्नरला कळतही नाही, आणि माणूस अर्धा आत अर्धा बाहेर असताना होणारे भीषण अपघात हेच. त्यासाठी वेगळा उपाय लागतो, मेन रोप पकडणारा ग्रिपर किंवा दोन स्वतंत्र भागांचा मोटर ब्रेक, नवीन लिफ्टमध्ये हे देतात, युरोपात नवीन लिफ्टना दार उघडं असतानाच्या सरकण्यासाठी २०१२ पासून बंधनकारकच आहे. फर्मने हे स्वतःहून सांगितलं, तुमचा अजून एवढा भाग उघडा आहे असं म्हणाले, विकण्यासाठी मागे लागले नाहीत. सध्या त्यांनी मोटरच्या जुन्या ब्रेकचे लायनर बदलून दिलेत आणि तेलाची गळती थांबवलीय, ग्रिपरचं कोटेशन मागवलंय, मशीन रूममध्ये त्याला जागा बसते का ते बघायला पुढच्या आठवड्यात येतायत.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक त्या वेळापत्रकाचा आणि रोपच्या वेळी उशिरा आल्याचा कापलाय. पार्ट, तपासणी आणि समोर केलेली टेस्ट यांना पूर्ण मार्क. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागातल्या जुन्या सोसायट्यांपैकी कुणाला आमच्या रेलवरच्या खुणा आणि प्लेट बघायची असेल तर रविवारी सकाळी या, मशीन रूमची चावी सेक्रेटरींकडे असते, मी सोबत येते.